खांद्यावरील खडूचें अक्षर

‘माथेफिरू खुनी’ हा शब्द आपल्या वृत्तपत्रांना नवा नाहीं. एखाद्या शहरांत लागोपाठ निष्कारण खून पडूं लागले, कीं हा शब्द ठळक टाइपांत छापला जातो, घरोघरीं त्याची चर्चा होते, आणि कांहीं वर्षांनीं तोच मनुष्य नांव बदलून रुपेरी पडद्यावर येतो. अशा पडद्यावरील माणसांची संख्या आतां एवढी वाढली आहे, कीं त्यांचा एक स्वतंत्र इतिहास लिहितां यावा. आजच्या थोड्या वेळांत तो सगळा सांगणें शक्य नाहीं, आणि तशी आवश्यकताही नाहीं. कारण ह्या सर्व चित्रपटांचा मूळपुरुष म्हणतां येईल असा एक बोलपट आहे. पडद्यावर त्यानें सांगितलेली कथा आणि पडद्याबाहेर त्याच्या वाट्याला आलेली कथा, ह्या दोहोंत मिळून ह्या विषयाचें मर्म सांपडतें. तो बोलपट म्हणजे फ्रिट्स लांग ह्या दिग्दर्शकाचा ‘एम्’. ११ मे १९३१ रोजीं बर्लिन येथें त्याचा पहिला खेळ झाला.

प्रथम शब्दांचा थोडा उलगडा केला पाहिजे. ज्याला आपण सरसकट वेडा म्हणतों त्याच्या बुद्धीला भ्रम झालेला असतो. नसलेलें त्याला दिसतें, नसलेलें ऐकूं येतें. परंतु ज्याची बुद्धि शाबूत आहे, हिशेब चोख आहे, बोलणें गोड आहे, आणि तरीही ज्याच्या ठिकाणीं दया किंवा पश्चात्ताप यांचा मागमूस नाहीं, अशा माणसाला काय म्हणावें? फ्रान्समधील पिनेल ह्या वैद्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींच ‘भ्रमावांचूनचें वेड’ असा एक प्रकार नमूद केला होता. इंग्लंडांत प्रिचर्ड यानें १८३५ सालीं ‘नैतिक वेड’ असा शब्द योजिला. ‘सायकोपॅथ’ हा आजचा शब्द जर्मन वैद्यांच्या लिखाणांतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आला. आणि अशा माणसाचें आज सर्वांच्या ओळखीचें झालेलें चित्र अमेरिकन मानसरोगतज्ज्ञ हर्व्ही क्लेक्ली यानें १९४१ सालच्या आपल्या ग्रंथांत रेखाटलें. त्या ग्रंथाच्या नांवाचा अर्थच मुळीं ‘शहाणपणाचा मुखवटा’ असा आहे. चित्रपटवाल्यांनीं मात्र हा भेद फारसा पाळला नाहीं. भ्रमिष्ट, विकारानें पछाडलेला आणि थंड डोक्याचा निर्दय, हे तिघेही त्यांच्या लेखीं एकच ठरले. ह्या घोटाळ्याकडे आपण पुन्हां वळणारच आहों.

‘एम्’ ज्या काळांत निर्माण झाला तो काळ आतां डोळ्यांपुढें आणूं. पहिल्या महायुद्धांत जर्मनी पराभूत झाला. १९२३ सालीं तेथील चलनाला मातीचें मोल आलें, आणि त्यांतून सांवरतो न सांवरतो तोंच १९२९ नंतरची मंदी आणि बेकारी येऊन कोसळली. अशा त्या देशांत एकामागून एक भयंकर खुनी उघडकीस येत होते. हानोव्हर शहरांत हारमान नांवाच्या इसमानें अनेक तरुण मुलांचे प्राण घेतले. १९२५ सालीं त्याचा शिरच्छेद झाला. पुढें १९२९ सालीं ड्युसेलडॉर्फ शहरांत बायका आणि लहान मुली यांच्यावर हल्ले सुरू झाले. महिनोन्‌महिने पोलिसांना माग लागेना. खुनी स्वतः होऊन पत्रें धाडी, प्रेत कोठें सांपडेल हेंही कळवी. शेवटीं मे १९३० मध्यें पेटर क्यूर्टन हा पकडला गेला, आणि लोक चकित झाले. कारण तो नीटनेटका पोषाख करणारा, विवाहित, चारचौघांसारखा कामकरी होता. नऊ खुनांबद्दल त्याला देहान्ताची शिक्षा झाली, आणि २ जुलै १९३१ रोजीं कोलोन येथें ती अमलांत आली. म्हणजे ‘एम्’चा पहिला खेळ झाला तेव्हां क्यूर्टन तुरुंगांत आपल्या अंताची वाट पाहत बसला होता. आपली कथा एकट्या क्यूर्टनवर बेतलेली नाहीं, असें लांग सांगत असे. परंतु त्या दिवशीं चित्रपटगृहांत बसलेल्या एकाही प्रेक्षकाला क्यूर्टनची आठवण झाली नसेल, हें संभवत नाहीं.

लांग हा मूकपटांच्या काळांतील नामांकित दिग्दर्शक. १९२७ सालचा ‘मेट्रोपोलिस’ त्याचाच. ‘एम्’ हा त्याचा पहिला बोलपट. पटकथा त्यानें आपली पत्नी थेआ फॉन हार्बू हिच्या सहकार्यानें लिहिली. पडद्याला नुकताच आवाज फुटला होता, आणि जो तो गाण्यांचा पाऊस पाडीत होता. अशा वेळीं लांगनें पार्श्वसंगीत मुळींच घेतलें नाहीं. त्यानें एकच सूर ठेविला : नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याच्या ‘पीअर गिंट’मधील एक चाल, आणि तीही तोंडानें घातलेल्या शिळेवर. खुनाची ऊर्मि आली, कीं चित्रपटांतील खुनी ही शीळ घालूं लागतो. ती भूमिका करणारा नट पीटर लॉरे याला शीळ घालतां येत नव्हती, म्हणून ती स्वतः लांगनेंच घातली असें सांगतात.

चित्रपटाचा आरंभ एका चाळवजा इमारतीच्या चौकांत होतो. मुलें खेळतांना खुन्याचेंच गाणें म्हणत असतात, आणि एक बाई त्यांना रागें भरते. वरच्या मजल्यावर एक आई धुणें धूत आपल्या मुलीची वाट पाहत आहे. मुलगी शाळेंतून निघालेली आहे. ती रस्त्यांतील एका खांबावर चेंडू आपटीत उभी राहते. त्याच खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास दहा हजार मार्क बक्षीस देण्याची जाहिरात लाविलेली आहे. त्या जाहिरातीवर एका पुरुषाची सांवली पडते, आणि तो गोड आवाजांत चेंडूची चौकशी करतो. मग तो एका आंधळ्या फुगेवाल्याकडून तिला फुगा घेऊन देतो. इकडे आईनें ताट मांडलेलें आहे. घड्याळाचे ठोके पडतात. ती जिन्यांत येऊन हांक मारते. जिना रिकामा, माळा रिकामा, ताटही रिकामें. झुडपांतून चेंडू गडगडत येऊन थांबतो; फुगा तारांत अडकून फडफडतो, आणि वाऱ्याबरोबर निघून जातो. एवढेंच. खून पडद्यावर दिसतच नाहीं; आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, त्याचा घाव खोल जातो. पुढील काळांत पडद्यावर रक्ताचे पाट वाहिले, पण ह्या रिकाम्या ताटाची सर त्यांना आली नाहीं.

ह्यानंतर लांग खुन्याला बाजूला ठेवितो आणि शहराकडे पाहूं लागतो. मित्र मित्राकडे संशयानें बघतो. निनांवी पत्रांचा सुळसुळाट होतो. एका मुलीनें वेळ विचारली म्हणून तिच्याशीं दोन शब्द बोलणाऱ्या वृद्धाभोवतीं जमाव गोळा होतो. पोलिस रात्रीं गुत्ते आणि अड्डे यांवर धाडी घालतात, त्यामुळें चोर-दरोडेखोरांचा धंदा बसतो. तेव्हां हे चोर सभा भरवितात. तिकडे पोलिस अधिकारीही सभा भरवितात. लांग ह्या दोन सभा आलटून पालटून दाखवितो. इकडे एकानें हात उचलावा आणि तिकडे दुसऱ्यानें तो खालीं आणावा, इकडे वाक्य सुरू व्हावें आणि तिकडे तें पुरें व्हावें, अशी ती जुळणी आहे. दोन्हीकडे तोच धूर, तोच त्रागा. आणि प्रश्नही एकच, कीं हा मनुष्य आपल्या हातीं कसा लागेल?

चोरांची युक्ति अधिक पल्लेदार ठरते. ते शहरांतील भिकाऱ्यांना पाळतीवर ठेवितात. तो आंधळा फुगेवाला ती शीळ ओळखतो. ज्यानें कधीं चेहरा पाहिला नाहीं त्यालाच खुनी सांपडतो! एक तरुण आपल्या तळहातावर खडूनें ‘एम्’ हें अक्षर काढतो, आणि धक्का लागल्याचें निमित्त करून तें त्याच्या कोटावर, खांद्यामागें उमटवितो. जर्मन भाषेंत खुन्याला जो शब्द आहे त्याचें तें आद्याक्षर. खुनी आरशांत मान वळवून पाहतो आणि त्याला तें अक्षर दिसतें. त्या क्षणीं पीटर लॉरेच्या वाटोळ्या डोळ्यांत जें भय उतरतें, तें पाहिलेला मनुष्य विसरूं शकत नाहीं. इतका वेळ आपण त्याला पकडावयास निघालेलों असतों. आणि आतां एकाएकीं आपणच पकडले गेलों असें वाटूं लागतें.

यानंतर चित्रपटाचा गाभा येतो. एका ओसाड दारूभट्टीच्या तळघरांत खुन्याला फरफटत आणतात. समोर मोठा जमाव निमूटपणें बसलेला आहे : खिसेकापू, घरफोडे, वेश्या, भिकारी. न्यायासनावर चोरांचा नायक. आणि तीन मनुष्यवधांबद्दल पोलिस स्वतः त्याच्याच शोधांत आहेत. आरोपीला एक वकीलही दिलेला आहे. हान्स बेकर्ट असें खुन्याचें नांव. आरंभीं तो ओरडतो, दारें ठोठावितो. मग कोंडलेलें सर्व त्याच्या तोंडून बाहेर पडतें. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा, कीं तुम्हांला चोरी सोडून दुसरा धंदा शिकतां आला असता. मला मात्र निवड कोठें आहे? ती आग, तो आवाज माझ्या आंतच आहे. मी रस्त्यारस्त्यांतून धांवतों, आणि माझ्या मागें मीच लागलेला असतों. त्या आयांचीं आणि मुलांचीं भुतें माझी पाठ सोडीत नाहींत. तें कृत्य करतों तेवढा वेळच तीं नाहींशीं होतात. आणि मग मला कांहीं आठवत नाहीं. दुसऱ्या दिवशीं भिंतीवरची जाहिरात वाचतों, आणि हें मीं केलें काय, असें स्वतःला विचारतों.

कॅमेरा जमावाकडे वळतो. तेथील एक-दोन माना नकळत हललेल्या दिसतात. हे लोक त्याला ठार मारावयास आलेले आहेत, तरीही त्याच्या बोलण्यांतील कांहींतरी त्यांना ओळखीचें वाटतें.

नायकाचें उत्तर तयारच असतें. तो म्हणतो, ह्या कबुलीनेंच तूं आपला निकाल लाविलास. ज्याला स्वतःला आवरतां येत नाहीं, त्याला नाहींसा केलाच पाहिजे. वेड्यांच्या इस्पितळांत पाठविला तर तो पळून जाईल, किंवा बरा झाला म्हणून सुटेल, आणि पुन्हां मुलींच्या मागें लागेल. वकील उठतो आणि नेमकें उलट सांगतो. ज्याला स्वतःला आवरतां येत नाहीं तो आपल्या कृत्याला जबाबदार नाहीं. आणि जो जबाबदार नाहीं त्याला शिक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाहीं. रोग्याला वैद्याच्या हातीं द्यावें, मारेकऱ्याच्या हातीं देऊं नये. तेव्हां जमावांतून एक स्त्री ओरडते, कीं ज्यांचीं मुलें गेलीं त्या आयांना विचारा! ह्या ओरडण्याला वकिलापाशीं उत्तर नाहीं. आणि खरें पाहतां, आपल्यापाशींही नाहीं.

जमाव बेकर्टवर तुटून पडणार, इतक्यांत पोलिस येतात. कायद्याच्या नांवानें एक हात त्याच्या खांद्यावर, ज्या बाजूस खडूचें अक्षर उमटलें होतें तेथेंच, पडतो. पुढील दृश्यांत खरे न्यायाधीश आसनस्थ होतात. परंतु निकाल आपल्याला ऐकविला जात नाहीं. काळ्या वेषांतील तीन माता बांकावर बसलेल्या दिसतात. त्यांतील एक, त्या पहिल्या मुलीची आई, म्हणते, कीं ह्यानें आमचीं मुलें परत यावयाचीं नाहींत. मुलांना अधिक जपलें पाहिजे. तेथेंच चित्रपट संपतो.

श्रोतेहो, निकाल न ऐकविणें ही ह्या चित्रपटाची सर्वांत धीट गोष्ट, आणि तीच त्याच्या पुढील दैवगतीला कारण झाली. प्रेक्षकानें निकाल स्वतः द्यावयाचा, असें ठरल्यावर जो तो आपल्या मनाप्रमाणें तो देतो. पहिल्या खेळानंतर दहा दिवसांनीं हिटलरचा प्रचारप्रमुख गोबेल्स यानें आपल्या रोजनिशींत ह्या बोलपटाची वाखाणणी केली. मानवतेच्या भाबड्या कळवळ्याविरुद्ध आणि देहान्तशिक्षेच्या बाजूनें उभा राहणारा हा चित्रपट आहे, आणि लांग एक दिवस आमचा दिग्दर्शक होईल, असा त्या नोंदीचा आशय आहे. ज्या चित्रपटांत आपणांस झुंडीचें भय दिसतें, त्याच चित्रपटांत गोबेल्सला झुंडीचें समर्थन दिसलें. तळघरांतील त्या सभेंत गोबेल्स नायकाच्या बाजूला बसला होता.

पुढील दोन वर्षांत ती सभा तळघरांतून वर आली. जानेवारी १९३३ मध्यें हिटलर अधिकारारूढ झाला. त्याच वर्षीं लांगनें जर्मनी सोडला. लॉरे जन्मानें ज्यू. तोही बाहेर पडला. १९३४ सालीं ‘एम्’वर बंदी आली. चोरांच्या नायकाची भूमिका करणारा ग्रुंडगेन्स हा नट मात्र नव्या राज्यकर्त्यांच्या कृपाछत्राखालीं बर्लिनच्या सरकारी रंगभूमीचा प्रमुख झाला. लांगशीं घटस्फोट झालेली थेआ फॉन हार्बू तेथेंच राहिली आणि नाझी राजवटींत पटकथा लिहीत राहिली. येथें मराठी श्रोत्यांना एक गोष्ट कळली तर नवल वाटेल. ह्याच लेखिकेनें पुढें बेळगांवकडून जर्मनींत शिकावयास गेलेल्या अयी तेंडुलकर ह्या तरुणाशीं गुप्तपणें विवाह केला. हिंदुस्थानाविषयीं तिला तरुणपणापासूनच ओढ होती. तिची ‘हिंदी कबर’ ह्या अर्थाच्या नांवाची कादंबरी १९१८ सालचीच. एका हिंदी माणसावर प्रेम करणारी आणि वंशश्रेष्ठत्वाचा उद्घोष करणाऱ्या राजवटीची चाकरी करणारी बाई एकच होती. माणसाच्या मनाचा हा गुंता कोणत्याही पडद्यावरील विकृतीपेक्षां कमी गूढ नाहीं.

बंदी घातलेल्या बोलपटाचा उपयोग करण्यास नाझी चुकले नाहींत. नोव्हेंबर १९४० मध्यें ‘सनातन ज्यू’ ह्या अर्थाच्या नांवाचा एक प्रचारपट जर्मनींत दाखविण्यांत आला. ज्यू समाजाविषयीं द्वेष पेटविणें हाच त्याचा उघड हेतु. त्यांत ‘एम्’मधील बेकर्टचें तळघरांतील निवेदन कापून जोडलें होतें, आणि हा पहा ज्यू नट, बालहत्या करणाऱ्याची कींव करावयास लावतो, असा त्याचा अर्थ लाविला होता. नटाला त्याच्या भूमिकेबद्दल खुनी ठरविण्यांत आलें, आणि एका नटावरून सबंध समाजाला. म्हणजे खडूचें तें अक्षर पडद्यावरून उतरलें आणि लक्षावधि निरपराध लोकांच्या पाठीवर उमटलें.

आणि मनोरुग्णांचें काय झालें? नायकाचा युक्तिवाद आठवावा : ज्याचा इलाज नाहीं त्याला नाहींसा करावा. १९३९ च्या शरद्ऋतूपासून जर्मन सरकारनें नेमका हाच युक्तिवाद अमलांत आणिला. वेड्यांच्या इस्पितळांतून आणि आश्रमांतून रोगी उचलून सहा ठिकाणीं नेण्यांत आले, आणि ऑगस्ट १९४१ पर्यंत त्यांतील सत्तर हजारांहून अधिक लोकांना विषारी वायूनें मारण्यांत आलें. ह्या लोकांनीं कोणाचा खून केला नव्हता. ते केवळ आजारी, दुबळे किंवा सरकारच्या दृष्टीनें निरुपयोगी होते. अपराधी रोग्याला मारावें कीं नाहीं, हा तळघरांतील वाद होता. एकदां त्याचें उत्तर ‘मारावें’ असें दिलें, कीं ‘अपराधी’ हा शब्द हळूच गळून पडतो. रोगी तेवढा उरतो.

लांग आणि लॉरे ह्या दोघांनाही आपला हा चित्रपट जन्मभर सोडतां आला नाहीं. अमेरिकेंत गेल्यावर लांगनें १९३६ सालीं काढलेला पहिला चित्रपट ‘फ्यूरी’, म्हणजे संतप्त जमावाचीच कथा. त्यांतील मनुष्य निरपराध आहे, आणि जमाव तो असलेला तुरुंग पेटवून देतो. ती कथा प्रेक्षकाला सोपी जाते. निरपराध्याची बाजू घ्यावयास फारसें धैर्य लागत नाहीं. ‘एम्’मध्यें लांगनें खरोखरीच्या अपराध्याला जमावापुढें उभें केलें होतें, म्हणून ती परीक्षा अधिक कठीण. लॉरेनें तर १९५१ सालीं पुन्हां जर्मनींत जाऊन स्वतः एक चित्रपट दिग्दर्शित केला. आयुष्यांतील एकुलता एक. नांवाचा अर्थ ‘हरवलेला’. त्यांत नाझी राजवटींतील एक शास्त्रज्ञ आपल्या वाग्दत्त वधूचा खून करतो, आणि शासन त्याला पकडण्याऐवजीं, तो उपयोगी म्हणून, तो खून झांकून टाकतें. सबंध राज्यच जेव्हां खुनी होतें तेव्हां एकट्या खुन्याला कोण पकडणार, असा तो प्रश्न होता. जर्मन प्रेक्षकांनीं त्याकडे पाठ फिरविली. लॉरे अमेरिकेंत परतला.

महायुद्धानंतर ह्या चित्रपटांची धारा अमेरिकेंत आणि इंग्लंडांत वाहूं लागली, आणि तिचें वळण बदललें. १९६० सालीं आल्फ्रेड हिचकॉक याचा ‘सायको’ आला. हिचकॉक तरुणपणीं जर्मन चित्रपट-कारखान्यांत काम करून आलेला. सांवल्यांचें बळ त्याला ठाऊक होतें. त्याची कथा रॉबर्ट ब्लॉक याच्या १९५९ सालच्या कादंबरीवरून घेतलेली. आणि त्या कादंबरीच्या मागें विस्कॉन्सिन प्रांतांत १९५७ सालीं उघडकीस आलेलें एका एकलकोंड्या खुन्याचें प्रकरण होतें. अँथनी पर्किन्स ह्या नटानें उभा केलेला लाजाळू, विनयशील नॉर्मन जगाच्या कायमचा लक्षांत राहिला. परंतु चित्रपटाच्या शेवटीं एक मानसरोगतज्ज्ञ येतो आणि हा मनुष्य असा कां झाला ह्याचें सविस्तर निदान सांगतो. त्याच वर्षीं इंग्लंडांत मायकेल पॉवेल याचा ‘पीपिंग टॉम’ निघाला. त्यांतील खुनी मरणाऱ्या स्त्रियांचें भय कॅमेऱ्यानें टिपतो. आणि त्याच्या बापानें लहानपणीं त्याच्यावरच भयाचे प्रयोग केलेले असतात. पाहणारा प्रेक्षकही ह्या पापाचा भागीदार आहे, असें तो चित्रपट सुचवीत होता. टीकाकार इतके खवळले, कीं पॉवेलच्या कारकीर्दीला इंग्लंडांत जबर धक्का बसला.

‘ह्याचें आपण काय करावें?’ हा लांगचा प्रश्न अशा रीतीनें ‘हा असा कां झाला?’ ह्या प्रश्नांत बदलला. पुढें तोही मागें पडला, आणि ‘हा किती हुशार आहे पहा!’ असें कौतुक सुरू झालें. १९९१ सालच्या ‘सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधील डॉक्टर लेक्टर हा संगीत आणि चित्रकला यांचा रसिक, अजोड बुद्धीचा नरभक्षक. ह्या चित्रपटाला पांच प्रमुख ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. अँथनी हॉपकिन्स याचा अभिनय तर असामान्यच. पण अशीं माणसें प्रत्यक्षांत असतात काय? बेल्जममधील दोन मानसरोगतज्ज्ञांनीं १९१५ ते २०१० ह्या काळांतील चारशें चित्रपट पाहून त्यांतील १२६ पात्रें वैद्यकाच्या कसोटीवर घासून पाहिलीं, आणि २०१४ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘सायको’मधील नॉर्मन हा त्यांच्या मतें खरा सायकोपॅथ नव्हेच, त्याचा वास्तवाशीं संबंध तुटलेला आहे, म्हणून त्याची गणना भ्रमिष्टांत व्हावयास हवी. खऱ्या चित्रणांत त्यांनीं २००७ सालच्या ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’मधील थंडपणें माणसें मारणाऱ्या चिगूरला अग्रस्थान दिलें. ह्या कसोटीनें पाहिल्यास आपल्या बेकर्टचें स्थानही डळमळतें. कारण त्याला यातना होतात, आणि क्लेक्लीच्या वर्णनांतील माणसाला त्या होत नाहींत.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. न्यायालयांत त्यावर प्राण अवलंबून असतात. इंग्लंडांत १८४३ सालीं मॅक्नॉटनच्या खटल्यानंतर जो नियम ठरला, तोच १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ८४ व्या कलमांत आला. आणि आज भारतीय न्यायसंहितेच्या २२ व्या कलमांत कायम आहे. आपण काय करीत आहों, किंवा करतों तें गैर अथवा कायद्याविरुद्ध आहे, हें बुद्धिभ्रंशामुळें ज्याला कळत नाहीं, त्याचें कृत्य अपराध ठरत नाहीं. भ्रमिष्टाला हें कलम आश्रय देतें. ज्याला सर्व कळतें आणि तरीही कांहीं वाटत नाहीं, त्याला देत नाहीं.

आपल्या मुंबईला ह्या प्रश्नाशीं प्रत्यक्ष झुंजावें लागलें आहे. १९६५ ते १९६८ ह्या काळांत उपनगरांतील झोंपड्यांत आणि पदपथांवर निजणाऱ्या गोरगरिबांचे रात्रीं निर्घृण खून झाले, आणि ऑगस्ट १९६८ मध्यें रामन राघव पकडला गेला. सत्र न्यायालयानें त्याला फांशीची शिक्षा सुनावली. त्यानें अपील केलें नाहीं. तरीही उच्च न्यायालयानें शिक्षेवर शिक्कामोर्तब करण्यापूर्वी तीन मानसरोगतज्ज्ञांचें मंडळ नेमून त्याची तपासणी करविली; आणि तो बरा न होणाऱ्या मनोविकारानें ग्रस्त आहे असें आढळल्यावर, पुढें ती शिक्षा जन्मठेपेची झाली. १९९५ सालीं पुण्यास त्याचा मृत्यु झाला. त्याच्यावर श्रीराम राघवन यानें १९९१ सालीं एक लघुपट केला. आणि अनुराग कश्यप यानें २०१६ सालीं त्याच्या नांवाचा धागा घेऊन एक निराळीच कथा रचिली. ह्या दुसऱ्या चित्रपटांत खुनी आणि त्याचा पाठलाग करणारा पोलिस हे एकमेकांचीं प्रतिबिंबें होतात. लांगनें पोलिसांची आणि चोरांची सभा शेजारीं शेजारीं मांडली होती, तिचाच हा दूरचा वारसा म्हणतां येईल.

मला वाटतें, कोणत्याही चित्रपटापेक्षां उच्च न्यायालयाची ती संथ, नीरस कार्यपद्धतिच ‘एम्’च्या न ऐकविलेल्या निकालाच्या अधिक जवळ जाते. शहर भेदरलेलें होतें. मेलेले लोक इतके गरीब होते, कीं त्यांच्यासाठीं बोलणारेंही कोणी नव्हतें. आरोपी स्वतः दयेची याचना करीत नव्हता. अशा वेळीं घाई करणें अगदीं सोपें असतें. तरीही न्यायालय थांबलें आणि त्यानें वैद्याला विचारलें. त्या थांबण्यानें एकही मृत मनुष्य परत आला नाहीं; ‘एम्’मधील ती आई तेंच सांगते. पण न्यायाला जें थोडें शक्य असतें तें त्या थांबण्यानेंच साधतें. बर्लिनच्या तळघरांत कोणी थांबावयास तयार नव्हतें. आणि दहा वर्षांच्या आंत एका सुशिक्षित, संगीतप्रेमी राष्ट्राला त्याचें मोल द्यावें लागलें.

तेव्हां पुढच्या वेळीं एखादा असा चित्रपट पाहावयास आपण जाल, किंवा वृत्तपत्रांत तो ठळक शब्द वाचाल, तेव्हां खुन्याच्या चेहऱ्याकडे पाहून झाल्यावर क्षणभर जमावाच्या चेहऱ्याकडेही पाहा. लांगनें आपला कॅमेरा तिकडे वळविला होता, तो उगीच नव्हे.